कॅरिअरवरची सवारी

माझ्या सायकलीला पुढं बास्केट नाही. मागं चपटा, रुंद कॅरिअर आहे, त्याच्या दोन्ही बाजूंना मेणकापडाची खुर्जी, म्हणजे जोडपिशवी, लोंबते आणि खाली दूधवाल्याच्या सायकलीला असतो तसला दणकट डबल स्टँड आहे. मागच्या मडगार्डवर पांढऱ्या रंगात लिहिलंय: ‘सवारी १, माती १२ किलो.’ बाकी सायकल साधी, काळी, लेडीज, ताठ बसून चालवायची. माकणीला बदली होऊन चार वर्षं झाली, तरी इथल्या बायका अजून मला थांबवून मडगार्ड वाचतात आणि हसतात. मीही हसते. मी मातीपरीक्षण करणाऱ्या एका लहानशा केंद्रात काम करते. शेतोशेत हिंडायचं, मातीचे नमुने काढायचे, कापडी पिशव्यांत भरून केंद्रावर आणायचे, हे माझं काम. त्यामुळं मडगार्डवरचा मजकूर खरा आहे. तो तिथं कुणी लिहिला हे सांगायचं तर मात्र भूमपासून सुरुवात करावी लागते, माझ्या तिथल्या घरमालकांपासून.

गल्लीत त्यांना सगळे डायव्हर म्हणत. नुसतं डायव्हर. आयुष्यभर एसटी चालवून ते निवृत्त झाले होते. उंच, वाळलेले, खाकी पँट अजून अंगावर, वर मात्र पांढरा सदरा. मी त्यांना काका म्हणायची आणि त्यांच्या बायकोला काकू.

खोली बघायला गेले त्या दिवशी मी दारावर एकदा टकटक केलं आणि उभी राहिले. आत कुणीतरी चालत येत होतं, ते पाऊल चक्क थांबलं. मी वाट बघितली. पुन्हा एकदा टकटक केलं. आतून हूं नाही की चूं नाही. शेवटी समोरच्या ओट्यावर शेंगा फोडत बसलेल्या बाईंनी मला सांगितलं, की दोनदा वाजवा, एकदा वाजवलं की ते थांबतेत. मला वाटलं, थट्टा करतायत. मी दोनदा वाजवलं आणि काका लगेच दार उघडून समोर उभे.

एसटीत बसणाऱ्याला हे सांगायला नको. कंडक्टरनं एकदा बेल दिली की गाडी थांबते, दोनदा दिली की निघते. काकांच्या अंगात हे इतकं मुरलं होतं, की निवृत्तीनंतरही त्यांना दुसरी भाषाच लागू पडत नसे. काकू ताट वाढून पळी दोनदा ताटलीवर वाजवत, मग ते पहिला घास घेत. त्यांचं बोलणं लांबलं (आणि ते नेहमीच लांबे), की काकू चुलीपाशी बसल्या बसल्या पातेल्यावर पळी एकदा आपटत. काका अर्ध्या शब्दावर थांबत. राग नाही, रुसवा नाही. एकदा ते मला बार्शीच्या घाटवळणाची हकीकत सांगत होते. ‘ब्रेक’मधल्या ‘ब्रे’वर पळी वाजली. काकूंनी वरणाला मीठ घातलं, चव बघितली, मग दोनदा वाजवलं. काका ‘क’पासून पुढं सुरू झाले. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, कुणाला खरं वाटो न वाटो.

दुसरी खोड अशी, की ते मागं वळून बघत नसत. डायव्हरनं मागं बघायचं नसतं, असं ते शिकवल्यासारखं सांगत. पुढचा रस्ता डायव्हरचा, मागची सवारी कंडक्टरची. दोघांनी एकमेकांच्या कामात नाक खुपसलं की गाडी खड्ड्यात. बाजारात ते कुणाशी बोलत चालले, की पुढं ते आणि मागं तो माणूस. तो माणूस मध्येच केळीवाल्याकडं वळला तरी काका पार एसटी स्टँडपर्यंत त्याच्याशी बोलत जात. गल्लीतल्या लोकांना त्याची सवय झाली होती. काही जण तर त्याचा फायदा घेत.

मी सायकल घेतली तेव्हा काकांनी तिला तीन फेऱ्या मारल्या. सीट दाबलं, मागचं चाक उचलून फिरवलं, तारा एकेक करून बोटानं छेडल्या. मग विचारलं, “वझं काय?”

मी मोबाईलवर एक फोटो दाखवला. पुढं हँडलला पांढरं बास्केट, त्यावर प्लॅस्टिकची फुलं. मला तसलंच पाहिजे होतं. काकांनी फोटो बघितला आणि मोबाईल परत दिला. म्हणाले, आधी वझं, मग कॅरिअर. लोक आधी कॅरिअर घेतात आणि मग त्याच्यात बसेल असलं वझं शोधत हिंडतात. आठ दिवस कामावरून आल्यावर सगळं सामान अंगणातल्या बाजेवर मांडायचं, असा हुकूम झाला.

मी जळकोटची, हायवेवरची. आमच्याकडं कुणी कुणाचं आठ दिवस ऐकत नाही. पण भाडं कमी होतं, तेव्हा मांडलं. माती काढायचं गिरमिट, खुरपं, लहान घमेलं, मातीच्या पिशव्या, वही, डबा, पाण्याची बाटली, छत्री. काका एकेक वस्तू हातात घेऊन डोळे मिटून तोलत. वस्तूला दोन-दोनदा खाली-वर करत आणि जागेवर ठेवत. चौथ्या दिवशी मी कंटाळून विचारलं, की यात एवढं काय तोलायचंय. तेव्हा त्यांनी मला त्यांचं सगळं शास्त्र सांगितलं. जगात दोनच तऱ्हेचं वझं असतं, जितं आणि मेलं.

“माणूस वळणावर आपणहून झुकतो,” ते म्हणाले. “पोतं झुकत न्हाय. पोत्याच्या वाट्याचं बी डायव्हरलाच झुकावं लागतंय. तुझं समदं वझं मेलं हाय, पोरी. माती म्हंजे तर लईच मेली.”

मातीला मेली म्हटलेलं मला आवडलं नाही, माझं पोटच तिच्यावर. शिवाय आठ दिवस पुरे व्हायच्या आतच ते फुलांचं बास्केट कुरिअरनं घरी आलं. मी ते आधीच मागवून ठेवलं होतं. काकांनी खोकं उघडताना बघितलं. मी स्वतः पाना घेऊन ते हँडलला आवळलं आणि दुसऱ्या दिवशी ऐटीत निघाले.

त्या दिवशी मला दोन चुलतभावांच्या शेतांतले नमुने आणायचे होते. दोघांचा बांधावरून पिढीजात वाद. वाद इतका, की एकाच्या रानात उभं राहून दुसऱ्याचं नाव काढायची सोय नव्हती. दोन्हीकडची माती घेऊन मी परत फिरले. उतारावर बास्केट भरल्यामुळं हँडल आपल्या मनानं डावीकडं वळलं, मी उजवीकडं ओढलं, आणि सायकलनं माझं ऐकलं नाही. बास्केटचा आकडा तुटला. मी पडले नाही, पण पिशव्या फुटल्या आणि दोन्ही भावांची माती रस्त्यावर एक झाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा माती मागायला जाताना माझा जीव अर्धा झाला होता. थोरला भाऊ ऐकून पोट धरून हसला. म्हणाला, बाई, आमच्या बापजाद्यांना जमलं न्हाय ते तुमच्या बास्केटनं केलं. मग त्यानं बांधापलीकडं हाक मारून धाकट्यालाही ते सांगितलं, आणि मला सांगण्यात आलं की त्या हाकेला चार वर्षांनी मुहूर्त लागला होता.

बास्केट तुटलं त्या दिवशी घरी आल्यावर मी ते कोपऱ्यात ठेवलं. मी सांगितलं होतं, असं काका म्हणाले नाहीत. त्यांनी फक्त बाजेकडं बोट केलं. मी सामान मांडलं. सहावा दिवस होता.

काकांच्या अंगणाच्या भिंतीवर खुंट्यांना सायकलचे कॅरिअर टांगलेले होते. स्वयंपाकघरात ताटं-पराती असतात तसे ओळीनं. एक स्प्रिंगचा, एक लाकडी फळी ठोकलेला, एकाला पाईप वाकवून पाठ लावलेली, एकाला पाय ठेवायला दोन्हीकडं पट्ट्या. एकावर जाड फोम आणि त्यावर रेक्झीन. एकाला पदर चाकात जाऊ नये म्हणून बाजूनं जाळी. एकाला चक्क धरायला दांडी होती, एसटीत पुढच्या सीटच्या पाठीला असते तशी. मी बरेच दिवस समजत होते की काका भंगाराचा धंदा करतात. नवव्या दिवशी त्यांनी त्यातला एक उतरवला, चपटा आणि रुंद, आणि माझ्या सायकलीला लावायला घेतला.

“ह्यो मेल्या वझ्याला चांगला,” ते म्हणाले. “जित्याला न्हाय चालला.”

जितं वझं म्हणजे कोण, असं मी विचारलं. काकांनी हनुवटीनं स्वयंपाकघराकडं खूण केली. अर्थात मागं न बघता.

मग मला सगळं कळलं, म्हणजे त्यांच्या बाजूनं जेवढं होतं तेवढं. बऱ्याच वर्षांमागं ते काकूंना सायकलवर घेऊन काकूंच्या माहेरी निघाले होते. वाटेत काकू कॅरिअरवरून घसरल्या. लागलं नाही, पण त्या दिवसापासून पुन्हा सायकलवर बसल्या नाहीत. कॅरिअर गुळगुळीत होता, असं काकांचं निदान होतं. म्हणून पुढच्या वर्षी त्यांनी स्प्रिंगचा आणला. काकू नको म्हणाल्या. मग फळीचा, मग पाठीचा, मग फोमचा. प्रत्येक कॅरिअर सायकलला लागायचा, काकू दारात येऊन बघायच्या, माझं मी बघते म्हणून आत जायच्या, आणि कॅरिअर भिंतीवर जायचा. काकांच्या सायकलच्या मडगार्डवर मात्र तेव्हापासून आतापर्यंत एकच मजकूर होता, ‘सवारी २.’ मी म्हटलं, काका, बसतंय कोण, मग एक करून टाका की. ते दुखावले.

“बसत न्हाय म्हणून सीट कमी होती व्हय?”

त्यांनी माझं काम मनापासून केलं. ट्रॅक्टरच्या सीटला कव्हरं शिवणाऱ्याकडून खुर्जी शिवून घेतली. माती खाली लोंबली पाहिजे, वर बसली तर डोक्यावर बसते, हा त्यांचा हिशेब. साईड स्टँड काढून डबल स्टँड लावला, कारण मेलं वझं एका पायावर उभं राहत नाही. गिरमिट दांड्याला जुन्या ट्यूबच्या पट्टीनं बांधायचं. पाण्याची बाटली हाताला येईल अशी, पण गुडघ्याला लागणार नाही अशी. मग खुर्जीत मातीच्या भाराचे दगड भरून ते स्वतः माझ्या लेडीज सायकलवर ताठ बसून उतारापर्यंत ट्रायल घेऊन आले. गल्लीतली माणसं हसली. काका उतरले, घाम पुसला, मागनं जरा ओढतंय म्हणाले, आणि कॅरिअर दोन बोटं पुढं सरकवला. त्यानंतर आजपर्यंत माझी एकही पिशवी पडलेली नाही. शेवटी त्यांनी ब्रश आणून मडगार्डवर तो मजकूर लिहिला. मी नको नको म्हणत होते, पण गाडीवर क्षमता लिहिलेली नसेल तर लोक वाटेल ते चढवतात, असं त्यांचं म्हणणं पडलं.

काकूंचं माहेर म्हणजे डोंगराच्या पायथ्याची वस्ती, भूमपासून चार किलोमीटर. तिथं त्यांच्या भावाची खव्याची भट्टी. भूमच्या बाजूला दुधाचा खवा करणं हे शेतीइतकंच जुनं काम, आणि काकू लहानपणापासून त्या भट्टीपाशीच वाढलेल्या. दर पंधरा दिवसांनी त्या माहेरी जात. त्या दिवसाचा देखावा मी कधी चुकवत नसे. काका सायकल बाहेर काढत, कॅरिअरवर काकूंची पिशवी नीट बांधत, आणि सायकल हातात धरून पायी चालू लागत. दहा पावलं मागं काकू, त्याही पायी. पिशवी तेवढी सायकलवर. सवारी चालत असताना डायव्हरनं गाडीवर बसणं बरं दिसत नाही, म्हणून काका चारही किलोमीटर चालत, आणि येताना पुन्हा चालत.

माझ्या तिथल्या दुसऱ्या वर्षी काकूंचे गुडघे धरले. दारापासून गिरणीपर्यंत जाणं कठीण झालं, तिथं चार किलोमीटर कुठलं. माहेरच्या फेऱ्या बंद पडल्या. वस्तीवर टमटम जात नव्हती. भाऊ मोटरसायकल घेऊन न्यायला येतो म्हणाला, तर काकूंनी त्याला फोनवर असं काही सुनावलं, की मी खोलीत बसून ऐकत राहिले. डायव्हरची बायको दुसऱ्याच्या गाडीवर बसून माहेरी आली, असं लोकांनी म्हणायचं का, असा त्यांचा सवाल होता. नवऱ्याच्या गाडीवर बसायचं नाही आणि दुसऱ्याच्याही गाडीवर बसायचं नाही, म्हणजे मग जायचं कसं, हे विचारायची भावाला छाती झाली नाही.

आणि तशातच भावाचा दुसरा फोन आला. जुनी भट्टी मोडायची ठरली होती. दसऱ्यानंतर खव्याचं यंत्र बसणार, लाकूडफाटा, धूर सगळं बंद. दसऱ्याच्या आदल्या दिवशी जुन्या भट्टीवर शेवटची कढई लागणार होती. काकूंनी फोन ठेवला. त्या दिवशी पळी वाजलीच नाही. काका ताटासमोर बसून राहिले, वरण निवून गेलं.

“त्या कढईच्या तळाची खरवड खाऊन म्या मोठी झाले,” काकू मला म्हणाल्या. “एकदा खायची हाय. मग मोडा म्हणावं.”

दसऱ्याला बारा दिवस होते. काकांनी शेवटचा आणि सगळ्यात मोठा कॅरिअर करायला घेतला. पाठ, हात टेकायला दोन्हीकडं दांड्या, खाली पाय ठेवायला पावठा, फोम, वर छत्री खोचायला नळी. सायकलवर खुर्चीच बसवणार होते म्हणा ना. दिवसभर कानशीची खरखर चालायची. मला त्यांचं कौतुक वाटायचं आणि रागही यायचा, कारण काकू त्या खुर्चीकडं बघतसुद्धा नव्हत्या.

एका दुपारी मी ओसरीत बसून माती चाळत होते. काकू शेजारी ज्वारी निवडत होत्या. माझ्यानं राहवलं नाही. मी जरा फणकाऱ्यानंच विचारलं, की काकू, एवढा जीव टाकतायत ते, एकदा बसून बघायला काय होतंय, एकदा घसरलात म्हणून जन्मभर भ्यायचं का.

“कोण घसरलं?” काकू म्हणाल्या.

मग त्यांनी मला त्यांच्या बाजूचं सांगितलं. त्या घसरल्या नव्हत्याच. गावाबाहेरच्या गतिरोधकाजवळ त्यांच्या पायातली चप्पल पडली. त्यांनी थांबा म्हणून हाक मारली, एकदा, दोनदा, तीनदा. काका आपले बोलत होते. गतिरोधकावर सायकल हळू झाली तशा काकू आपणहून खाली उतरल्या, चप्पल घातली, वर बघतात तर सायकल लांब गेलेली, आणि काका अजून बोलतायत. सायकल हलकी झाल्याचं त्यांना कळलं, पण त्यांना वाटलं की वारं पाठीमागून आहे. तसेच ते पार वस्तीवर गेले. मेहुणा दारात होता. काकांनी सायकल थांबवली आणि मागं न बघता ऐटीत त्याला म्हणाले, की घ्या, आणली तुमची बहीण.

मी हसू दाबत होते. काकूंनी ते बघितलं.

“हास,” त्या म्हणाल्या. “समदी वस्ती हासली. आजूनबी हासतेत. म्या तिथं उन्हात हुबी, येणारं-जाणारं इचारतंय, बाई, कुणाची वाट बघतीस. काय सांगू?”

त्या तशाच घरी परत आल्या होत्या. स्वयंपाक केला, जेवल्या, आणि त्या दिवसापासून त्या गाडीचं तिकीट बंद. माझं हसू विरलं. मी म्हटलं, मग हे तुम्ही त्यांना सांगत का नाही, ते बिचारे इतकी वर्षं कॅरिअर बदलत बसलेत. काकूंनी सुपातले खडे वेचून बाजूला टाकले.

“सांगितलं की. तवाबी सांगितलं, थांबा म्हणून. त्येंला तोंडाचं ऐकू येत न्हाय, पोरी.” त्यांनी शेजारच्या पातेल्यातली पळी उचलून दाखवली. “इथं माझ्या हातात ही हाय. तिथं काय हाय?”

मी चाळणी तिथंच टाकली आणि अंगणात गेले. काका फोमवर रेक्झीन ताणत होते. मी त्यांना विचारलं, की काका, एसटीत सवारीला मध्येच उतरायचं झालं तर ती काय करते. ते म्हणाले, कंडक्टर बेल देतो, एवढंबी ठाऊक न्हाय व्हय. मी विचारलं, की तुमच्या या गाडीत बेल कुठं आहे. त्यांनी हँडलवरची घंटी दाखवली.

“तो झाला तुमचा हॉर्न,” मी म्हटलं. “काकूंची बेल कुठंय?”

काकांचा हात रेक्झीनवर तसाच राहिला. कुणी काही वाजवलं नव्हतं, तरी ते थांबले. बराच वेळ त्यांनी त्या सायकलकडं बघितलं, पुढून मागंपर्यंत. मग ते भिंतीला टेकून खाली बसले. म्हणाले, की इतकी वर्षं म्या बिनबेलची गाडी चालवली.

पुढचे चार दिवस आमच्या अंगणात एसटीचा डेपोच होता. काकांनी एक जुनी घंटी हँडलच्या मधोमध, स्वतःच्या छातीसमोर बसवली. तिच्यापासून दोरी मागं न्यायची होती. आधी सुतळी लावली, ती ताणायची आणि घंटी वाजायचीच नाही. मग ब्रेकची तार घेतली, दांड्याला लहान कड्या लावून त्यांतून ओवली, आणि मागच्या टोकाला पडद्याची पितळी कडी बांधली. एकदा ओढली की एकदाच वाजली पाहिजे, दोन ओढींचे दोन ठोके स्वच्छ वेगळे आले पाहिजेत, यासाठी त्यांनी मला मागं उभं करून इतक्या वेळा कडी ओढायला लावली की माझा अंगठा सुजला.

पाचव्या दिवशी त्यांनी सायकल दारात आणली. मागं तो खुर्चीचा कॅरिअर, पाठ, दांड्या, पावठा, सगळ्यासकट. काकू बाहेर आल्या. त्यांनी खुर्चीकडं बघितलं नाही. पितळी कडी तेवढी हातात घेतली आणि एकदा ओढली. टण्. पुढं काका पायानं स्टँड काढत होते, ते तसेच एका पायावर थांबले. काकूंनी त्यांना जरा वेळ तसंच ठेवलं. मग दोनदा ओढली. काकांचा पाय खाली आला.

“ही खुर्ची काढा,” काकू म्हणाल्या. “म्या काय मिरवणुकीला निघाले न्हाय. पयला कुठाय?”

पहिला कॅरिअर भिंतीच्या अगदी शेवटच्या खुंटीवर होता. साधा, गुळगुळीत, सायकलबरोबर कारखान्यातून आलेला. त्याचं काय चुकलं होतं, असं काकूंनी विचारलं. काकांनी तो उतरवला, राख लावून घासला आणि लावला. वर काकूंनी आपल्या हातानं गोधडीची घडी ठेवली.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आम्ही निघालो. काका पुढं, काकू मागं एका अंगाला बसलेल्या, एका हातात कडी, दुसऱ्या हातात पिशवी. मी माझ्या सायकलवर त्यांच्या मागं. त्या बाजूला मला एक नमुना आणायचा होता, असं मी सगळ्यांना सांगितलं होतं, पण खरं म्हणजे नव्हता. गल्ली ओट्यांवर येऊन उभी राहिली होती. काका पायडलवर पाय ठेवून ताठ बसले आणि हललेच नाहीत. मला वाटलं, काही बिघडलं. मग मागून दोन ठोके आले, आणि गाडी निघाली.

काका लगेच बोलायला लागले. रस्ता, डांबर, कुणाची सोयाबीन कशी, डोंगरावरच्या पवनचक्क्या आज कुठल्या तोंडाला फिरतायत. गावाबाहेर तो गतिरोधक आला. सायकल हळू झाली. आणि काकूंनी कडी एकदा ओढली.

काका थांबले. शब्द अर्धा राहिला, दोन्ही पाय जमिनीवर, नजर समोर. मी मागं ब्रेक दाबून उभी राहिले. काकूंची चप्पल पडली नव्हती, पदर कुठं अडकला नव्हता. वाऱ्याचा आवाज तेवढा येत होता. एक मोटरसायकलवाला वळून बघत गेला. काका मागं न बघता वाट बघत होते.

“काय झालं?” शेवटी त्यांनी विचारलं.

“काय न्हाय,” काकू म्हणाल्या. “थांबताव का बघितलं.”

आणि दोनदा वाजवली.

तिथून वस्तीपर्यंत काकूंनी गाडी आणखी सात वेळा थांबवली. एकदा रानातल्या बाईशी बोलायला, एकदा सीताफळं बघायला, बाकी पाच वेळा उगाच. काका सातही वेळा थांबले आणि त्यांनी एकदाही का म्हणून विचारलं नाही. मला मागून त्यांचा चेहरा दिसत नव्हता, पण मान दिसत होती, आणि ती मान फार खुशीत होती.

वस्तीवर धूर दिसायला लागला, दुधाचा वास आला. भाऊ कढई सोडून धावत दारात आला. त्याच्या मागं त्याची बायको, शेजारपाजारचे, सगळे. काकांना बघून त्यांच्यातल्या दोघा-तिघांनी तोंडावर हात धरले, कारण ती जुनी गोष्ट सगळ्यांना पाठ होती. काकांनी सायकल थांबवली नाही. अंगणात एक फेरी मारली, मग दुसरी. मागून एक ठोका आला तेव्हा थांबले.

“घ्या,” ते मेहुण्याला म्हणाले, “आणली तुमची बहीण.”

आणि मागं वळून बघितलं नाही. मागं काकू गोधडीवरून उतरल्या, पदर सारखा केला, आणि खरवड ठेवलीय का म्हणून विचारत सरळ भट्टीकडं गेल्या. जाताना कडी एकदा ओढायला विसरल्या नाहीत. तिन्हीसांजेला त्या कढईपाशी बसून पोटभर खाऊन, बोटं चाटत परत आल्या, तोवर काका सायकल धरून तिथंच, त्याच जागी उभे होते.